फाळक्यावरचा मोर

आज समोरच्यांनी खिडकीच्या ग्रिलला ऑइलपेंट लावला आणि त्या वासाने मी खडवलीच्या आमच्या जुन्या अंगणात जाऊन पोचले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी जुना ट्रक दारातच रंगवायला काढला होता. गंज घासून घासून ह्यांचे हात तांबडे झाले होते. सगळा ट्रक पिवळाधम्मक झाला, पण मागच्या फाळक्यावर चित्र काढणारा पेंटर गावी निघून गेला. उद्या पूजा आणि फाळका कोरा, हे ह्यांना काही केल्या पटेना.

"अगं, तू रांगोळी काढतेस ना? मग इथे काढ."

"रस्त्यावरचे सगळे बघतील," मी म्हटलं.

सासूबाई हसल्या. "तुला कोण बघतंय? ट्रकला बघतील."

ब्रशने चित्र काढायचं मला ठाऊक नव्हतं. मग दारात काढते तसे खडूने ठिपके दिले, जोडले आणि त्यात निळा-हिरवा मोर भरला. रंग ओघळला की हे अंगातल्या बनियननेच पुसायचे. ठिपके शेवटपर्यंत रंगाखालून दिसत राहिले.

पूजेला माणसं जमली तेव्हा मी लाजून आत पळाले. पण पुढे ट्रक निघाला, की मी दारात येऊन उभी राहायचे. मी कसाऱ्यापलीकडे कधी गेले नव्हते, माझा मोर मात्र नाशिकला जाऊन यायचा. वळणावर हे आरशात बघून हात करायचे.

मी मोराकडे बघत असायचे, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.