बोंबलांच्या तारेवरून

वाळत्या बोंबलांचा वास आधी नाकाला लागतो की थेट मेंदूला, याचा निर्णय मला आजवर करता आलेला नाही. भाईंदरहून निघालेली बस चौक गावाकडे वळली की तो खिडकीतून आत येतो आणि आपल्या शेजारी निःसंकोच बसतो. माझी पत्नी त्याला दुर्गंधी म्हणे. मला मात्र त्यात स्वातंत्र्याचा परिमळ येई!

त्याला कारण होतं. नव्वदीच्या त्या आरंभकाळात मला हौशी रेडिओचं व्यसन होतं; तेही तोंडानं बोलण्याचं नव्हे, तर मोर्सची चावी कडकट्ट दाबून, टिंबं आणि रेघा यांतून दूरदेशीच्या माणसांशी गप्पा मारण्याचं. पण मीरा रोडच्या आमच्या इमारतीत मी चावी दाबली की घरोघरच्या टीव्हीवर मुंग्या धावत. अखेर सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘या तो आप, या संडे की सीरियल’ असा निवाडा केला, आणि लोकमत कोणाच्या बाजूला गेलं हे सांगायला हवं का? मग मी पोळ्यांच्या डब्यात मावेल एवढं यंत्र बांधलं, स्कूटरची बॅटरी पिशवीत घातली आणि दर रविवारी चौकचा किनारा गाठू लागलो.

त्या रविवारी मात्र ही केवळ हौस नव्हती. सांगलीचा माझा मित्र आणि माझ्यासारखाच रेडिओवाला बापू, अखंड वाहणारा वाचाळ निर्झर, घशाच्या शस्त्रक्रियेत आवाज कायमचा गमावून घरी परतला होता. वहिनी फोनवर म्हणाल्या होत्या की तो पाटीवरसुद्धा काही लिहीत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो. मी त्यांना सांगितलं, अकरा वाजता त्याचा रेडिओ आणि चावी त्याच्या उशाशी ठेवा, मी हाक मारतो. तो उत्तर देईल का?

किनाऱ्यावरच्या मार्थाबाय कोळणीच्या अंगणात बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव होते. तिच्या परवानगीनं मी दोन उंच बांबूंमध्ये एरियलची तार ताणली आणि माडाखाली, तिकडे पाठ करून, हेडफोन चढवून यंत्र जुळवू लागलो. सारं सुरळीत असताना मीटरची सुई अकस्मात झोपली. वळून पाहतो तो काय! माझ्या तारेवर ओले बोंबील, जबड्यात जबडा अडकवलेल्या जोड्यांनी, भांडण अर्ध्यावर सोडलेल्या नवराबायकोंसारखे लोंबत होते.

मी विनवलं, ओले मासे तारेतली शक्ती खातात हे विज्ञान समजावलं, मित्राचा आजारही सांगितला. मार्थाबाय पुढची जोडी अडकवत शांतपणे म्हणाली, “तार रिकामीच हाय ना? माजा बोंबील काय तिला खात न्हाय.”

अकरा वाजत आले होते. कोळणीशी वाद घालून कोण जिंकलाय? मी मुकाट्यानं बोंबलांसकट यंत्र पुन्हा जुळवलं आणि बापूला हाक मारली. नुसती खरखर. पुन्हा हाक, पुन्हा खरखर. आणि मग अगदी क्षीण, अडखळत एक हात आला. हस्ताक्षरासारखा मोर्समध्येही प्रत्येकाचा हात ओळखू येतो. बापूच्या रेघांना सांगलीचाच लांबलचक हेल असे. तोच होता तो! माझे डोळे भरून आले. त्यानं पहिलंच विचारलं, तुझा आवाज इतका बारीक का? मी खरं ते कळवलं: तारेवर बोंबील वाळताहेत.

चावीवरून बोट उचललं आणि मनात आलं, मी चुकीचं बोललो की काय? मग आली चार टिंबं, दोन टिंबं. पुन्हा चार, पुन्हा दोन. आम्हा रेडिओवाल्यांचं हे हसणं. ते थांबेचना.

मार्थाबायनं खुणेनंच विचारलं, काय झालं? मित्र हसतोय, एवढंच मला सांगता आलं, आणि मी हेडफोन तिच्या कानांना लावले. तिनं ओले हात लुगड्याला पुसले, डोळे मिटून ऐकलं.

“जोरात हासतो हाय रे,” ती म्हणाली.