पाचवं झाड हिरवंच राहिलं

जबलपूरजवळ कुंडमच्या रस्त्यावर एक गेस्टहाउस आहे. तिथला बगिचा मी सांभाळते. मागच्या आवारात संत्र्याची पाच झाडं आहेत. मी कामाला लागल्यापासून दोन वर्षांत त्यांना मूठभरही फुलं आली नव्हती. आधीचा माळी रोज पाइप लावून द्यायचा, मीही तेच केलं, आणि झाडं नुसती पानांनी फुगली.

माझे बाबा काटोलकडे संत्र्याच्या बगिच्यात सालदार होते. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी त्यांच्या मागे मागे बगिच्यात फिरू लागले. ते म्हणायचे, "संत्र्याले रोज पाणी देशीन तर ते आयतं खाऊन बसते. तहान लागली का मंग त्याले फुलाची याद येते." थंडीत पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन गळायला लागेपर्यंत थांबायचं, मग खत घालून पाणी सोडायचं. याला ताण देणं म्हणतात.

यंदा डिसेंबर लागला आणि मी पाचही झाडांचं पाणी बंद केलं. चूक एकच झाली, कोणाला सांगितलं नाही. मी बोलतच नाही फारशी. गेस्टहाउसच्या मॅडम मराठीच, पण पिढ्यान्पिढ्या जबलपूरच्या, शाळेच्या प्रिन्सिपल म्हणून रिटायर झालेल्या. त्यांच्यासमोर माझ्या तोंडातून "हो जी" सोडून काही निघायचं नाही. पाहुणे बगिच्यात आले की मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन खुरपी धूत बसायची. धुतलेली असली तरी.

संक्रांत झाली आणि एका सकाळी मॅडम मागच्या आवारात आल्या. झाडांखाली पिवळ्या पानांचा सडा पडला होता.

"हे काय गं? मेली का ही झाडं?"

मी खाली बघत राहिले. रसोईतले भैया दारातूनच बोलले, "मैडम, ये दीदी गेंदे के लिए जान दे देंगी, पेड़ को एक लोटा पानी नहीं देंगी."

"ही चार काढून टाकू," मॅडम म्हणाल्या. "गाड्यांना जागा होईल. सोमवारी बोलावते तोडणाऱ्यांना. रसोईजवळचं तेवढं ठेवू, ते बिचारं चांगलं हिरवं आहे."

मी पाहिलं, खरंच ते पाचवं गर्द हिरवं होतं. मोरीचं पाणी मुरत असेल, असं वाटलं. पण तेव्हा डोक्यात फक्त सोमवार होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "मंग तू बोलत काहून नाही? झाडं थोडीच जाणार हायेत मॅडमकडे सांगाले?"

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या ऑफिसात गेले. वाक्य रस्ताभर जुळवलं होतं, ते दारातच विसरले.

"मॅडम, ती मेली नाहीत. मी सुकवून राहिली."

"काय?"

"मुद्दाम."

त्यांनी चष्मा काढला. मग मी एका दमात सगळं सांगितलं. बाबा, काटोल, तहान, फुलं, सगळं.

"आणि फुलं नाही आली तर?"

"तर कुऱ्हाड मीच चालवीन. आणि काम सोडून जाईन."

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून कळत नाही. मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "दोन वर्षांत एवढं बोलली नाहीस तू. चलो, फेब्रुवारी संपेपर्यंत थांबते."

त्याच दिवशी मी आळी खणली. शेणखत घातलं. पहिलं पाणी अगदी हलकं दिलं, काही दिवसांनी दुसरं भरपूर. मग वाट पाहणं. पुढच्या अंगणात डेलिया फुलला होता, पिटुनिया कुंडीबाहेर सांडत होता, पाहुणे त्यांच्यासमोर फोटो काढत होते. मी मात्र रोज आल्या आल्या मागे जाऊन संत्र्याच्या फांद्यांचे शेंडे बोटांनी चाचपायची. दहा दिवस काही नाही. माझं काम सोडायचं बोलणं भैयांच्या कानावर गेलं होतं, ते रोज विचारायचे, "दीदी, झोला बाँध लिया?"

मग एका सकाळी शेंड्याला बोट लागलं आणि काहीतरी टोचल्यासारखं झालं. टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके होते. मी एक फांदी पाहिली, दुसरी पाहिली, चारही झाडांभोवती फिरले. सगळीकडे होते. मी कोणालाही न सांगता चहा दोन कप प्याले.

आठवडाभरात चारही झाडं पांढरी झाली. पान दिसेना. वास रस्त्यापर्यंत जायचा आणि मधमाश्यांचा आवाज खोल्यांत ऐकू यायचा.

मॅडम आल्या. झाडांखालून एक फेरी मारली. मग पाचव्यापाशी थांबल्या. त्याच्यावर एकही फूल नव्हतं.

"हे का नाही फुललं?"

मी वाकून पाहिलं. भिंतीकडच्या बाजूला माती ओली होती आणि बुंध्याशी तांदळाची कणी पडली होती. मी रसोईच्या दाराकडे बघितलं. भैया टॉवेलला हात पुसत होते, हात कोरडे असूनही.

"सूख रहा था मैडम," ते म्हणाले. "तरस आ गया. दीदी के जाने के बाद चावल का धोवन डाल देता था. रोज."

मॅडम इतक्या हसल्या की पायरीवर बसल्या. "म्हणजे मी जे वाचवायला निघाले होते, तेच एक रिकामं!" आणि तिथूनच त्यांनी तोडणाऱ्याला फोन लावला. "नहीं भैया, अब नहीं आना. कभी नहीं."

रविवारी पाहुण्यांनी खुर्च्या उचलून संत्र्याखाली नेल्या. एका बाईंनी विचारलं, हे कोणी केलं? मी टाकीकडे वळले होते, तेवढ्यात भैयांनी बोट दाखवलं, "इन्होंने. प्यासा मार-मार के." सगळे हसले. मीही हसले आणि टाकीमागे गेले नाही. खुरपी हातात तशीच मातीने भरलेली होती. मी त्यांना ताण म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगितलं, माझ्या मोडक्या हिंदीत, बाबांसकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

भैया चहा घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "भैया, अगले साल पाँचवें को एक बूँद भी दी, तो आपकी दाल में नमक मैं डालूँगी."

त्यांनी मान खाली घातली, अगदी माझ्यासारखी.

"हो जी," ते म्हणाले.