हॉल, खोली आणि अमेरिकेची घटना

कुवेतमधल्या अब्बासियात एका फ्लॅटमध्ये आम्ही सात जण राहायचो. हॉलमध्ये मालवणकडचे पाच, कुणी प्लंबर, कुणी एसीवाला. आतल्या लहान खोलीत मी आणि नांदेडकडचे एक इलेक्ट्रिशियन काका. गावी मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो. इथे कंपनीच्या स्टोअरमध्ये पाइप मोजतो, तरी सगळे मला मास्तरच म्हणतात.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या जेवणावर मतदान व्हायचं. हॉलचे पाचही हात मासळीसाठी वर जायचे आणि विषय संपायचा. मीही मासेखाऊ, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. काका शाकाहारी, ते निमूट लोणचं-भात खायचे. एका गुरुवारी बसमधून परतताना ते म्हणाले, "मास्तर, तिकडे मिरकाबला राहायला एक जागा बघितलीय. पुढच्या शुक्रवारी जातो म्हणतो." घरी येऊन त्यांनी खिळ्यांवरचे शर्ट बॅगेत भरले. मी तापाने फणफणलो होतो तेव्हा हाच माणूस माझ्या उशाशी बसला होता.

मी तणतणत हॉलमध्ये गेलो आणि काका का निघालेत ते सांगितलं.

"मतदान झाला ना? मगे?" प्लंबर म्हणाला. "आमी पाच, तुमी दोग."

"अमेरिका याच भांडणावर मोडायला आली होती," मी म्हणालो, आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. "राजाला झुगारून तेरा राज्यं मोकळी झाली. मग सरकार कसं असावं ते ठरवायला त्यांचे प्रतिनिधी भर उन्हाळ्यात खिडक्या लावून बसले. मोठी राज्यं म्हणाली, डोकी मोजा. लहान म्हणाली, मग आम्ही आमच्या घरी बरे. शेवटी दोन सभागृहं केली. एकात डोक्यांप्रमाणे माणसं, दुसऱ्यात लहान-मोठ्या प्रत्येक राज्याची सारखीच. कायदा दोन्हीकडे मंजूर व्हायला हवा. राष्ट्राध्यक्ष तो अडवू शकतो, पण दोन्हीकडे दोन-तृतीयांश मतं पडली तर त्याचंही चालत नाही. घटनेचा अर्थ लावायला न्यायालय. सगळं कुणा एकाच्या हातात द्यायचं नाही, हे त्यातलं मूळ."

"गुलामांक इचारल्यानी?" एसीवाल्याने खोचकपणे विचारलं.

"नाही. बायकांनाही नाही," मला सांगावं लागलं. "ते पुढे फार महागात पडलं."

आमचं कुणाचंच मत या देशात मोजलं जात नाही, आणि मतदानासाठी गावी जायला रजा कोण देतो? न विचारलं जाणं काय असतं, हे आम्हाला शिकवायची गरज नव्हती.

त्याच बैठकीत ठरलं, की हॉल हे कनिष्ठ सभागृह आणि खोली वरिष्ठ. राष्ट्राध्यक्ष व्हायला सगळेच तयार, म्हणून ते पद रिकामं ठेवलं. मग हॉलने सुरमई मंजूर करून आत पाठवली.

"तुम्हाला खायचीय ना, मास्तर?" काकांनी विचारलं.

"खायचीय," मी चिडून म्हणालो.

"मग खा की. मी कुठं नाही म्हणतो?"

सुरमई झाली, पण बॅग भरलेलीच राहिली.

पुढच्या गुरुवारी प्लंबरने आमचं दार वाजवलं. "काकानू, पिठला-भाकरी. पाची मता पडली. तुमचा काय?"

"विचार करून सांगतो," असं म्हणून काकांनी दार लावून घेतलं. मी त्याच सभागृहाचा सदस्य, पण मलाही बाहेर काढलं.

बराच वेळ गेला. बेसन भिजवावं की नको, कुणाला कळेना.

"मास्तर, अमेरिकेत इतको वेळ लागता?"

"याहून जास्त," मी म्हणालो.

शेवटी आतून आवाज आला, "दुरुस्ती आहे. सोबत ठेचा पाहिजे. त्याबिगर मंजूर नाही."

हॉल एकमताने मिरच्या शोधायला उठला. मी दार ढकललं. काका माझ्याकडे पाठ करून उभे होते, आणि बॅगेतला एकेक शर्ट झटकून पुन्हा खिळ्यावर लावत होते.