भिंतीवरचा चारशे सतरा

सुदाम रणपिसे गेल्याची बातमी मला चिठ्ठीनं कळली. आमच्या टाइम ऑफिसात अशा चिठ्ठ्या येतात; पेंट शॉपचा फोरमन सही करून पाठवतो, 'मयत, नाव कमी करणे', आणि मी मस्टरमध्ये लाल शाईनं आडवी रेघ मारतो. तशी ती मारली आणि डबा खाल्ला. त्याला दीड महिना झाला. छातीच्या दुखण्यानं गेला, पन्नाशीही गाठली नव्हती. लिहायला इतका वेळ लागला, कारण यात माझी चांगलीच शोभा होणार आहे.

सुदाम चऱ्होलीचा. पिंपरीत एकेक कारखाना उभा राहत होता तेव्हा तो आमच्या कंपनीत हंगामी म्हणून लागला. रोज सायकलवर यायचा, पेंट शॉपात स्प्रे-गन धरायचा. कँटीनची लांबच लांब भिंत कोरी होती, ती त्यानं मागून घेतली आणि शिफ्ट सुटल्यावर दोन महिने उरल्यासुरल्या रंगांनी तिथं चित्र काढलं. पवनेच्या पुलावरून सायकलींवर कामाला निघालेली माणसं... कुणाच्या कॅरिअरला डबा, कुणाच्या तोंडात विडी, आणि प्रत्येक चेहरा आमच्यातलाच. मीही त्यात आहे, नाक जरा मोठं काढलंय. म्हणजे आहे तेवढंच. खाली सही करायला वाकला तर फोरमन म्हणाला, कंपनीच्या भिंतीवर नाव नको, हवा तर टोकन नंबर टाक. त्यानं टाकला, ४१७. आमच्याकडं हाकासुद्धा नंबरानंच मारायचे, त्यामुळं त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढं हंगामी माणसांना ब्रेक मिळाला, म्हणजे कामावरून कमी केलं, आणि सुदामनं आपलं पितळी टोकन जमा केलं. वर्षभरानं तो कायम होऊन परत आला, तेव्हा त्याला दुसरा नंबर मिळाला. मोकळा झालेला नंबर पुढच्या माणसाला द्यायचा, ही आमच्या ऑफिसची रीत. ४१७ तोवर टूलरूममधल्या एका टर्नरकडं गेला होता.

कंपनीला वीस वर्षं झाली तेव्हा स्मरणिका निघाली. मुखपृष्ठावर तेच चित्र. संपादक मंडळानं फोनवर विचारलं, ४१७ कोण? मी समोरचं चालू मस्टर उघडलं आणि टर्नरचं नाव सांगून मोकळा झालो. चित्र माझ्या डोक्यातही आलं नाही; नंबर विचारला, नाव सांगितलं. प्रकाशनाच्या समारंभात टर्नरचा सत्कार झाला. तो आधी चपापला, पण शाल खांद्यावर पडल्यावर लहानपणापासून हाताला वळण होतं असं माइकवर म्हणाला. सुदाम मांडवात सहाव्या-सातव्या रांगेत बसला होता. सगळ्यांबरोबर तोही टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या खिडकीशी आला.

"साहेब, तवा त्यो नंबर माजा व्हता. चित्र म्या काढलंय."

"पुरावा आण," मी म्हणालो.

टोकन तर जमा झालेलं. मग तो पेंट शॉपातल्या चौघांना घेऊन आला; मी सांगितलं, तोंडी साक्ष रेकॉर्डला चालत नाही. शेवटी म्हणाला, ब्रश द्या, इथंच उभा राहून तुमचं तोंड काढून दाखवतो. सगळं ऑफिस हसलं आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. तो खरं बोलतोय हे मला ठाऊक होतं. त्या भिंतीपुढं ब्रश घेऊन उभा असलेला सुदाम मी दोन महिने रोज पाहिला होता. पण स्मरणिका वाटून झाली होती, चूक माझी होती, आणि हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती. त्यानंतर तीन वर्षं दर शनिवारी पहिली शिफ्ट सुटली की तो यायचा आणि विचारायचा, जुनं मस्टर बघितलं का. ती मस्टरं माळ्यावर होती, माझ्या डोक्याच्या वर हातभर. मी म्हणायचो, बघतो. मग दुखणं वाढलं आणि तो यायचा थांबला... मला हायसं वाटलं, हेही लिहून टाकतो.

तो गेल्यावर मी स्टूल घेऊन माळ्याला हात घातला. पहिलंच मस्टर उघडलं. '४१७, सुदाम गणू रणपिसे, हंगामी, पेंट शॉप.' अक्षर माझंच होतं. मॅनेजरसाहेबांपुढं ठेवलं तर ते म्हणाले, आधी का नाही दाखवलंत? संध्याकाळपर्यंत दुरुस्तीची चिठ्ठी छापून स्मरणिकेच्या उरलेल्या प्रतींत चिकटवलीसुद्धा. एवढ्या कामाला एक दिवस लागला. टर्नरकडं शाल कुणी परत मागितली नाही.

त्यातली एक प्रत घेऊन मी रविवारी चऱ्होलीला गेलो. त्याच्या बायकोला, गयाबाईंना, वाचता येत नाही. मी चिठ्ठीवरचं नाव वाचून दाखवलं, त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. बुद्धाच्या तसबिरीखाली डालड्याच्या डब्यात सुदामचे ब्रश रॉकेलमध्ये उभे होते. त्या समारंभानंतर त्यानं चित्र म्हणून काढलं नाही, पण केस कडक होऊ नयेत म्हणून दर रविवारी रॉकेल बदलायचा. आता त्या बदलतात. हात पुसत पुसत त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

"टाइम हापिसातलं एक साहेब लई जीव लावून हुडकत्यात, असं म्हनायचं त्ये. आज ना उद्या गावंल, म्हनायचं. तुमीच का वं त्ये साहेब?"

मी हो म्हणालो. त्यांनी हात जोडले, आणि मी ते जोडू दिले.