घोंगडीखालचा स्टुडिओ

विद्यापीठात मी रेडिओ, टीव्ही आणि डिजिटल माध्यमं शिकते, हे इनामगावकडच्या आमच्या लोकांना पटवताना माझ्या नाकी नऊ आले. बहुतेकांना वाटायचं, मी टीव्ही दुरुस्त करायला शिकतेय. शिक्रापूरला खोली घेऊन राहणाऱ्या आतेभावानं तर बंद पडलेला स्पीकर माझ्यासाठी जपून ठेवला होता. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मात्र काहीच समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या मते मी फी भरून जे शिकत होते, ते त्यांना आधीपासून येत होतं.

आण्णा शेती करतात, पण लग्नसराईत शिरूरपासून दौंडपर्यंत माईक त्यांच्याच हातात असतो. वऱ्हाड मांडवात आलं की अक्षता पडेपर्यंत आलेल्या पाहुण्यांचं नाव घेऊन स्वागत करायचं. आजी, माजी, भावी, सगळ्यांचं. 'भावी' म्हणताना ते जरा जपून असतात, कारण आमच्या तालुक्यात भावी नसलेला माणूस सापडणं कठीण. एखाद्याचं नाव राहिलं तर तो न जेवता निघून जातो आणि पुढं वर्षभर अबोला. मुहूर्त टळला तरी लोक चालवून घेतात, नाव टळलेलं नाही.

दुसऱ्या सत्रात सरांनी काम दिलं: एका माणसावर पाच मिनिटांचा कार्यक्रम. जमला तर विद्यापीठाच्या रेडिओवर लागणार, नाही जमला तर त्या विषयात नापास. अट एकच, बोलणं घरगुती हवं. रेडिओ सभेला ऐकवायचा नसतो, एका माणसाच्या कानात सांगायचा असतो, असं सरांचं म्हणणं. मी आण्णांना निवडलं आणि 'रेडिओवर लागेल' हे त्यांना आधीच सांगून बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी निम्म्या गावाला शब्द दिला होता, की तुमचं नाव रेडिओवर घेतो.

घरी कुठला आलाय स्टुडिओ? बाहेर कोंबड्या, उसाचे ट्रॅक्टर, शेजारच्यांचा मिक्सर. मग आम्ही दोघं आजोबांची काळी घोंगडी डोक्यावरून घेऊन बसलो. लोकर आवाज पिऊन टाकते, आणि आजोबा मेंढरं राखणारे, त्यामुळे असला माल आमच्याकडे पिढीजात. आत मरणाचं उकडत होतं. मी विद्यापीठातून आणलेला रेकॉर्डर चालू केला. आण्णांनी घसा खाकरला.

"आजच्या या मंगल प्रसंगी घोंगडीत उपस्थित असलेले, तसेच काही कामानिमित्त घोंगडीबाहेर असलेले..."

"आण्णा, हितं मी एकटीच हाय!"

"तुला काय कळतंय? ऐकनार तर समदे हायेत."

मग सोसायटीचे चेअरमन आले, वरवंडचे व्यापारी आले, दूध डेअरीवाले आले. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. पाच मिनिटं संपायची, पाहुणे संपायचे नाहीत. शेवटी मी सांगून टाकलं, की ही नावं मला कापावी लागतील.

आण्णांनी घोंगडी भिरकावली. "कापतीस? आन् मी लोकांना काय तोंड दावू? शब्द दिलाय मी."

"मग मी नापास हुते. चालंल?"

मलाही राग आला होता. "एवढं काय हाय वो त्या नावांत?" मी फणकाऱ्यानं विचारलं.

त्यांनी घोंगडी पुन्हा ओढून घेतली आणि म्हणाले, "चालू कर तुझं."

आणि हळू आवाजात सांगायला लागले. "तुझ्या आत्याचं लगीन दौंडला व्हतं. माईकवाला तिकडचा. त्यानं कारखान्याचे डायरेक्टर घेतले, झेडपीचे मेंबर घेतले, त्यांचे डायवरसुदिक घेतले. आन् नवरीचा बाप, आमचे आबा, मांडवाच्या कडंला हुबे. कुनी म्हनंना, या, बसा. मला लई लागलं. गेलो आन् माईकच हिसकून घेतला. आबांचं नाव पुकारलं. तर आबा मागं वळून बघाय लागले, कुनाला बोलावलं म्हनून. तवापासनं मी कुनाचं नाव सोडत न्हाई."

सरांना हवा होता तो आवाज हाच. मी तेवढंच ठेवलं. बाकी चेअरमनसकट सगळे पाहुणे गेले.

आण्णांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "शब्द मोडायचाच तर लोकांच्या तोंडावर मोडू." कार्यक्रम जमा करायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि माझा फोन लग्नातल्या भोंग्याला जोडला. एका माणसाच्या कानात सांगायचा कार्यक्रम पार घोड नदीपर्यंत ऐकू जाणार होता. चेअरमन कडक इस्त्रीत आले होते. प्रत्येक जण आपल्या नावासाठी कान टवकारून बसला होता, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

कार्यक्रम संपला. आण्णा मान खाली घालून उभे. मग चेअरमन उठले. आता हे आपल्या नावाचं विचारणार, म्हणून मी उत्तर जुळवू लागले.

"समदं ब्येस हाय," ते म्हणाले. "पर आबांचं नाव न्हाई आलं."

खरंच आलं नव्हतं. मी ते कापलेलंही नव्हतं. घोंगडीखाली आण्णा घरगुती बोलत होते, आणि घरात आजोबा नुसते आबा होते. इतके दिवस ज्या मांडवातल्या बोलण्याला मी नाकं मुरडत होते, तेवढ्या एकाच बोलण्यात माझ्या आजोबांना नाव होतं.

आण्णांनी माईक उचलला. या खेपेला घसा खाकरला नाही. आबांचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट, आणि सहर्ष स्वागत केलं. ते नाव मी इथं लिहीत नाही, ते भोंग्यातूनच ऐकावं. आण्णांचा आवाज शेवटी फाटला. माझ्या हातातला रेकॉर्डर चालू होता आणि मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, एका नावामुळं कार्यक्रम पाच मिनिटांपेक्षा लांब झालाय, आणि मी तो कमी करणार नाही.