कबरीवरचं मारवेल

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात शेतकरी नवरा म्हटलं की पोरी खिडकीतून उडी मारून पळायच्या. खिडकी नसली तर भिंत फोडून. अशा काळात माझ्या लेकीनं मोर्शीकडचा, संत्र्याच्या बागेत राबणारा पोरगा पसंत केला. मी अकोल्यात एवढे पेढे वाटले की गल्लीतल्या मुंग्यांना मधुमेह झाला.

पेढे संपायच्या आत अमरावतीहून आत्या आली. घराण्यात सगळ्यांत वडील. तिच्या होकाराशिवाय आमच्याकडे कोंबडा आरवत नाही.

“पोराचं आडनाव काय?”

“आपलंच.”

“मंग भाऊ-बहिणीचं लगन लावून रायला का रे तू?”

आता आमच्या आडनावाची गंमत अशी. जुन्या दुष्काळात मायबाप गेलेली लेकरं मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात पाद्र्यानं सांभाळली. माझा पणजा त्यांतला, त्या पोराचाही. लेकरांना आडनावं सांगता येईनात, म्हणून पाद्र्यानं बाप्तिस्म्याच्या वहीत सरसकट स्वतःचंच लावलं. बिचारा जन्मभर बिनलग्नाचा, पण वहीप्रमाणे पाऊण तालुक्याचा बाप.

“रक्ताचं नातं नाही, आत्या.”

“दाखव. नाई तं मी मांडवात पाय ठेवत नाई.”

तिचा पाय नाही म्हणजे लग्न नाही. लेकीनं जेवण सोडलं. म्हणजे भाकर सोडली, चिवड्यावर भागवलं.

आत्याला घेऊन मी मूर्तिजापूरहून शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेत बसलो. ती गाडी इतकी निवांत, की आत्या खाली उतरली, पळसाची पानं तोडली, पत्रावळ लावली आणि त्याच डब्यात परत चढली. पोराच्या वडिलांनाही मी त्या खेड्यातल्या ख्रिस्ती देवळाशी बोलावून ठेवलं होतं. पास्टरांनी वही उघडली. दोघे पणजे एकाच दिवशी, एकाखाली एक. मायबापाचा रकाना दोघांचाही कोरा.

“पाह्य!” आत्या म्हणाली. “जुळे असतीन!”

मी वही उलटी धरून पाहिली, तरी रकाना कोराच.

वहीनं हात वर केले; दगडावर काही कोरलेलं सापडेल म्हणून उरलं कबरस्तान. तिथलं गवत एवढं, की वाघ शिरला तर वाट विचारत बाहेर येईल. पोराच्या वडिलांनी विळा काढला आणि पोराच्या पणजोबाची कबर मोकळी केली. फक्त उशाशी गवताचा एक ठोंब ठेवला.

“काहून भाऊ, थकले का?” आत्यानं टोमणा मारला. “तेवढं कोन कापन?”

“ते मारवेल हाय, ताई. आमच्यात मारवेल कापत नाई. माहे वडील सांगत, त्यायच्या बापाले त्याच्या मायनं बजावलं होतं. म्हशीनं खाल्लं तं खाल्लं, आमी विळा लावत नाई.”

आत्या थबकली. “अन् कळंबाचं झाड?”

“कळंब? तो तं चुलीत घालतो आमी!”

आत्यानं छातीवर हात मारला, जणू त्यानं तिच्या बापालाच चुलीत घातलं. “अरे देवा! आमच्या घरात कळंबाची काडी मोडत नाई कोनी! माह्या आज्याची शप्पथ हाय घराले!”

पास्टर हसायला लागले. वऱ्हाडात कुळाकुळाचं एक झाड नाही तर गवत असतं, देवक म्हणतात त्याला. ते तोडायचं नाही, आणि देवक एक असलं तर सोयरीक नाही. दुष्काळातल्या त्या दोन पोरांनी गाव, आडनाव, देव, सगळं मागं सोडलं. पण आईनं काय तोडू नको म्हणून सांगितलं, तेवढं सोडलं नाही. एकाचं मारवेल, एकाचं कळंब. दोन कुळं!

हे आत्याच्या ध्यानात माझ्याआधी आलं. तिनं पदर सावरला, कंबरेवर हात ठेवले. आमच्याकडे इवाई, म्हणजे व्याही, झाला की त्याला चार उणे शब्द ऐकवणं हा मानच.

“ओ इवाई! कळंब जाळता काय? तोंड पाहा त्या तुमच्या विळ्यात! माही नात तुमच्या चुलीपाशी यायच्या आधी सगळ्या काड्या तपासून ठेवा!”

इवायानं हात जोडले. “तपासतो, इहीनबाई. पन तुमची नात मारवेल कापन तं?”

“म्हशीले कापू द्या,” आत्या म्हणाली, आणि मला ओरडली, “पाहून काय रायला? फोन लाव पोरीले. म्हन, भाकर खाय आता.”