पानांच्या शेडमधली निवडणूक

विड्याची पानं संध्याकाळपर्यंत विकली नाहीत तर काळी पडतात. किश्श्यांचं तसं नाही, ते साचतच राहतात! कुंभकोणमच्या आमच्या शेडमध्ये आम्ही अकरा बायका पानं निवडतो. हात कामात, तोंड मोकळं. मग काय होणार?

शेडमागे बालवाडी आहे. आमची पोरं-नातवंडं तिथेच असतात. भातगिरणीवाल्याला ती जागा गोदामाला हवी, म्हणून तो वॉर्डातून उभा राहिला. त्याच्यासमोर मोठ्या पक्षाचा वकील.

वकील हात जोडून आला. "अम्मा, बालवाडी राहील. छप्परही नवीन घालून देतो."

मीनाक्षी म्हणाली, "मागच्या वेळी हेच बोललात तेव्हा माझी पोर आत होती. आता तिची पोर आत आहे!"

*

मग आमच्या सरोजा टीचर अपक्ष उभ्या राहिल्या. बालवाडीसाठी कलेक्टर ऑफिसात उपाशी बसलेली बाई! देव मानत नाही, पण माणसं मानते.

निशाणी मिळाली शिडी. आम्ही खरीच शिडी खांद्यावर घेऊन प्रचाराला निघालो. साक्कोट्टैच्या रस्त्यावर एक मामी धावत आली, "बरं झालं आलात, नारळ पाडून द्या!"

तीन घरचे नारळ पाडले. मतांचं विचारलं तर म्हणे, "बघू!"

*

गोदाक्काला भलतीच काळजी. आमच्यात सगळ्यात थोरली ती. तिने पानांचे तीन ढीग लावले. एक गिरणीवाल्याचा, एक वकिलाचा, एक टीचरचा.

"हे बघ, टीचरचा ढीग कुठून वाढतो? वकिलाच्यातून. मग उंच कोण राहिला? गिरणीवाला! आपल्याच हाताने बालवाडी घालवायची का गं?"

मी म्हटलं, "आणि भल्या बाईला कधीच मत द्यायचं नाही का? वकिलाची छपरं ऐकतच मरायचं?"

जोरात भांडण जुंपलं. तेवढ्यात व्यापारी आला, मधला ढीग उचलला आणि पापनाशमच्या टेंपोत टाकला.

मी म्हटलं, "बघा! वकील निवडून यायच्या आधीच विकला गेला!"

*

तरी बायका डळमळायच्या. सकाळी टीचर, जेवणानंतर वकील. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांना पिळ्ळैयारसमोर नेलं, म्हणजे आपला गणपती. जळता कापूर हाताने विझवून घेतलेली शपथ आमच्याकडे मोडत नाहीत. तशी एकेकीला घ्यायला लावली, मत टीचरलाच!

गोदाक्का कुरकुरली, "पण टीचर देव मानत नाही. मग शपथ लागू होते का?"

"मत तू देणार की देव? विझव कापूर!"

*

मतदानाच्या आदल्या दिवशी टीचर स्वतःच शेडमध्ये आल्या. चेहरा उतरलेला.

"बायांनो, मी घरोघर फिरून बघितलं. माझ्यामुळे गिरणीवाला येतोय. नाव मागे घ्यायची मुदत गेली. तुमची मतं वकिलाला द्या. बालवाडी वाचू दे."

मी म्हटलं, "जमणार नाही. कापूर विझवलाय!"

"अगं, मी देवच मानत नाही!"

"तुम्ही नका मानू. आम्ही मानतो ना! शपथ सोडवायची तर तुम्हीच चला त्याच्यासमोर."

आयुष्यात पहिल्यांदा टीचर देवळात आल्या. हातात नारळ, कपाळाला आठ्या. मागे आम्ही अकरा जणी.

गुरुक्कलने, म्हणजे पुजाऱ्याने, ताट घेतलं. "संकल्प काय, अम्मा?"

"उद्या एक उमेदवार पडायला हवा."

"असं होय! त्याचं नाव?"

"सरोजा."

"बरं. आणि अर्चना कोणाच्या नावाने करू?"

"सरोजा."